हजारासकट आकडा

पडद्यावर नव्या सेडानची किंमत झळकली आणि इंदिरानगरच्या त्या छोट्या स्टुडिओत एकच हशा पिकला. एक कोटी एकसष्ट लाख. हयवदनने कॅमेऱ्यासमोर छातीठोकपणे सांगितली होती एक कोटी अठ्ठेचाळीस लाख सत्तर हजार.

“काका, बारा लाखांनी चुकलात,” जितेंद्र म्हणाला. “एवढ्यात एक वेगळी गाडी येते हो.”

पुण्याहून आलेल्या या पोराचं गाड्यांचं चॅनेल होतं आणि येऊ घातलेल्या महागड्या गाड्यांच्या किमती वर्तवणं हे हयवदनचं काम. मागचे दोन अंदाज फसले होते. तिसरा फसला तर खुर्ची रिकामी करायची, असं जितेंद्रने सगळ्यांदेखत बजावलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण उभं करणार?

म्हणून तर तो बसवनगुडीला धाकट्या भावाकडे गेला होता. रविकिरण त्याच गाडीच्या कंपनीत, व्हाइटफील्डच्या ऑफिसात, किमती ठरवणाऱ्या विभागात होता. आधी त्याने विषय टाळला. मग चक्क नाही म्हणाला. हयवदन जेवता जेवता पानावरून उठला, तेव्हा मात्र रविकिरणचा धीर सुटला. हात धुताना त्याने मोठ्या भावाच्या कानात आकडा सांगितला. वर विनवलं, अण्णा, स्वल्प मोघम बोल, दीड कोटीच्या आत एवढंच म्हण. हयवदन ‘सरी’, ठीक आहे, म्हणाला होता.

पण कॅमेरा सुरू झाला आणि जितेंद्रने डिवचलं, की काका, गोलगोल काय बोलता, असा अंदाज तर माझी आजीपण सांगेल. हयवदनच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने हजारासकट आकडा फेकला. व्हिडिओ दोन दिवसांत लाखोंनी पाहिला.

आता टेबलाचा खण रिकामा करून तो जिन्यात आला. भावाने आपल्याला बनवलं, हा एकच विचार त्याला जाळत होता. त्याने फोन लावला आणि पलीकडून शब्द यायच्या आत तोंडाचा पट्टा सोडला. सांगायचं नव्हतं तर उपाशी उठू द्यायचं होतंस. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास. आजपासून तू मला मेलास.

रविकिरणने सगळं ऐकून घेतलं. मागे कुणीतरी त्याच्याकडे ओळखपत्र मागत होतं, लॅपटॉपची बॅगही इथेच ठेवा म्हणत होतं.

“खोटा नव्हता, अण्णा,” तो म्हणाला. “मला तोच दिला होता. बातमी कोण फोडतं ते बघायला वरच्यांनी आमच्या विभागात प्रत्येकाला वेगळा आकडा दिला होता. तू बोललास तो फक्त माझा होता.”