धक्का स्टार्ट

"भाऊजी, इंजिन बंद असताना गाडीच्या सॉकेटवर एवढा मोठा स्पीकर चालवू नका, बॅटरी उतरेल," मृदुला मागच्या सहलीत म्हणाली होती.

"तू पोळ्यांचं बघ," दीर म्हणाले आणि सगळे हसले. तिचा नवरा जरा जास्तच.

या वेळी धरणाच्या काठावर दीर दुपारभर त्याच स्पीकरवर गात होते. मृदुलाने चकार शब्द काढला नाही. उलट आणखी एका गाण्याची फर्माईश केली.

निघताना गाडी चालू होईना. दीर आणि नवरा मागून ढकलू लागले, मृदुला स्टिअरिंगवर बसली. गाडीने वेग धरला. आता क्लच सोडला की इंजिन सुरू.

तिने क्लच दाबूनच ठेवला. आरशात दोन लालबुंद चेहरे धापा टाकत होते.

"जोर लावा की भाऊजी," ती गोड आवाजात म्हणाली. "माझ्या पोळ्या खाल्ल्यात ना?"