पाच तासांचा थांबा

नागपूर विमानतळावर पुढच्या विमानाला पाच तास होते. नागसेनने टॅक्सी करून हिंगणघाटचं घर गाठलं. हातात जेमतेम पाऊण तास उरला होता. अर्धांगवायूने बाबांची वाचा गेल्यापासून तो पहिल्यांदाच येत होता. "त्याईले तुले काहीतरी सांगाचं हाये," आई म्हणाली. "तुयं नाव काढलं का पाटी मांगतेत." बाबांनी डाव्या हातात पेन्सिल धरली, घाम फुटेपर्यंत लिहिलं. पाटीवर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. "घराचं काही? आईचं? माह्यावर राग हाये का, बाबा?" बाबा प्रत्येक वेळी 'नाही' म्हणून मान हलवत राहिले. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. नागसेनने त्यांचा हात धरला. "समजलं, बाबा. सगळं समजलं." बाबांनी त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग बाहीने पाटी पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. नागसेन दारात बूट घालत होता.