नारिंगी जाकीट

प्रकाश हा माणसाचा सगळ्यात जुना मित्र आहे, असं भिंगवाल्यांचं ठाम मत होतं. त्याच प्रकाशात, सकाळी कामावर जाताना, एका पांढऱ्या गाडीने त्यांना सायकलसकट रस्त्याकडेच्या झुडपात घातलं.

लागलं फारसं नाही. कोपर खरचटलं आणि जेवणाचा डबा उघडला. मान वर करून पाहिलं, तर गाडी सूर्यात शिरत होती. खरोखरच शिरत होती. रस्ता दुधासारखा पांढरा झाला होता, झाडं विरघळून गेली होती, आणि त्या उजेडाच्या तोंडाशी गाडीची फक्त काळी आकृती उरली होती. आत दोन डोकी, टपावर कसलासा ठोकळा, आणि पुढच्या काचेवर हलणारे दोन वायपर. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता, तरी वायपर चालू होते. सावकाश, लयीत, कुणी लांबून निरोप देत असल्यासारखे.

भिंगवाले चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगं घासायचे. दुकान गावाच्या पूर्वेला, घर पश्चिमेला. त्यामुळे रोज सकाळी ते सूर्याच्या अंगावर चालून जायचे.

"मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन जातं, त्याला तुम्ही दिसतच नाही," दुकानाचा मालक म्हणाला. "कमाल आहे भिंगवाले! अख्ख्या गावाला दृष्टी देता आणि स्वतः अदृश्य!"

घरी हे सांगितलं तेव्हा बायकोच्या हातातली पळी खाली पडली.

"कुठे झालं हे?"

"पाण्याच्या टाकीपाशी. अगं, वायपर चालू होते. लख्ख उन्हात!"

बायको पंखा लावायला उठली. आधी बाहेरचा दिवा लागला, मग न्हाणीघरातला, मग पंखा.

"इतकी वर्षं झाली या घरात," भिंगवाले हसायला लागले, "अजून बटणांशी तुझी ओळख नाही!"

ते हसायला लागले की खोकला येईपर्यंत हसत. या हसण्यापायीच बायकोने मागे एकदा पोहायला शिकणं दुसऱ्या दिवशी सोडून दिलं होतं.

"उद्या कुठल्या रस्त्याने जाणार?" हसणं संपल्यावर तिने विचारलं.

"पुलावरून."

"नक्की ना?"

"नक्की."

पण सकाळी पुलाच्या वळणावर भिंगवाल्यांना वाटलं, ठरल्या रस्त्यावरच माणूस सापडतो. संकटाला चकवायचं तर ऐन वेळी चकवावं. त्यांनी हँडल वळवलं आणि कालव्याकडे निघाले. पाण्यावर इतकं ऊन सांडलं होतं की रस्ता कुठे संपतो आणि कालवा कुठे सुरू होतो तेच कळेना. समोरून येणारी माणसं उजेडातून हळूहळू उगवत होती. आपण अजून अंथरुणातच आहोत आणि पाय नुसतेच हलताहेत, असं भिंगवाल्यांना वाटू लागलं.

तेवढ्यात कोपराला वारा लागला. पांढरी गाडी. दोन डोकी. वायपर.

"पुन्हा तीच!" संध्याकाळी ते म्हणाले. "आज कालव्यावर."

"कालव्यावर?" बायकोचा आवाज चढला. "तुम्ही तर पुलावरून जाणार होतात!"

"ऐन वेळी विचार बदलला."

"बोललात तसं जायला काय होतं हो तुम्हाला?"

"अगं, गाडी मला शोधत येतेय, आणि तू माझ्यावरच काय ओरडतेस?"

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. लग्न झाल्यापासून तिने आपली एवढी काळजी केलेली भिंगवाल्यांना आठवेना. त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून जातो म्हणाले आणि पुलावरून गेले. गाडी पुलावर होती. मडगार्ड चेपलं. आता यातून सुटका नाही, अशी त्यांची खात्री पटली. कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात, ते त्यांनी बायकोला शांतपणे दाखवून ठेवलं.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "उन्हात लांबून कुठला रंग दिसतो, ते सांगा."

या विषयावर भिंगवाले पुष्कळ बोलले. त्यातला 'नारिंगी' एवढाच शब्द घेऊन बायकोने सुट्टीच्या दिवशी जुन्या छत्रीच्या कापडाचं जाकीट शिवलं. ते घालून त्यांना गल्लीच्या टोकाला उभं केलं, आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून पाहिलं.

"जरा डावीकडे व्हा! हां. आता दिसताय."

परत येताना ती सहज म्हणाली, "मलाही एक काळा चष्मा करून द्या की."

"तुला कशाला? तू कुठे उन्हात जातेस?"

"गच्चीवर कपडे कोण वाळत घालतं?"

भिंगवाल्यांनी मनापासून भिंगं घासली. फ्रेम मात्र शोकेसमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेली, कुणी न घेतलेली दिली. लालभडक, मांजराच्या कानांसारखी टोकं वर गेलेली.

"उद्या?" बायकोने विचारलं.

"टाकीवरून," भिंगवाले म्हणाले, आणि सकाळी कालव्याकडे वळले.

ऊन कालच्यापेक्षा दाट होतं. पाण्यातून, पानांतून, सायकलच्या घंटीतून ते डोळ्यांत येत होतं. भिंगवाले त्यातून पोहत असल्यासारखे चालले होते. मागे गाडीचा आवाज आला. त्यांनी हँडल घट्ट धरलं, डोळे मिटले, मनातल्या मनात बायकोला क्षमा केली.

कोपराला वारा लागला नाही. करकचून ब्रेक लागला.

भिंगवाल्यांनी डोळे उघडले. जाकिटाने जीव वाचवला होता. सायकलवरून उतरून ते विजयी मुद्रेने मागे वळले. आता सूर्य त्यांच्या पाठीशी होता, आणि सगळं ऊन गाडीच्या तोंडावर पडलं होतं. टपावरच्या ठोकळ्यावर मोठ्या अक्षरांत 'शिकाऊ चालक' असं लिहिलेलं होतं.

खिडकीतून मांजराच्या कानांचा लाल चष्मा बाहेर आला.

"अहो, आज टाकीवरून जाणार होतात ना?"

शेजारी बसलेले मास्तर वायपर कुठून बंद होतात, ते पुन्हा एकदा दाखवत होते.