पूजेतलं पेन

खंडेनवमीच्या पूजेत पान्हे आणि हातोडे मांडून झाल्यावर फोरमन खिलारेंनी एचआरच्या दामले मॅडमपुढे हात पसरला. "मॅडम, तुमचं पेन द्या."

"पेन कशाला?"

"हत्यारच की. यंदा आमच्या लाइनवरची अकरा माणसं यानंच कापली."

मॅडमनी पेन दिलं. खिलारेंनी त्याला मनापासून हळदकुंकू वाहिलं.

हे ऐकावं लागू नये म्हणूनच मॅडम कारखाना सोडून हॉस्पिटलच्या नोकरीत जाणार होत्या. तिथं माणसं वाचवतात, असं त्यांनी नवऱ्यालाही समजावलं होतं. फक्त होकाराच्या पत्रावर सही राहिली होती. त्यांनी बाजूला जाऊन हॉस्पिटलला फोन लावला आणि मुलाखतीत राहून गेलेला प्रश्न विचारला. "तिथं कुणाला काढायचं नाही ना?"

"नर्स जास्त झाल्यात हो," पलीकडचा आवाज आपुलकीनं म्हणाला. "म्हणून तर तुमचा अनुभव हवाय. सही आजच पाठवा."

त्या परतल्या. हात सवयीनं पेनाकडे गेला.

"आज हत्यार उचलत नाहीत, मॅडम."

त्यांनी हात मागे घेतला. "राहू दे. मी कुठं जात नाही. परवा कुणाला कापायला हे उचलायला आले, तर आजच्यासारखाच हात पसरा, खिलारे."