पडद्यामागचं बाकडं

पहिल्या रांगेतलं आपलं बाकडं हाओ आजीनं उचललं, नातीला पुढे घातलं आणि सरळ पडद्याच्या मागे चालू लागली. मैदानात एकच हशा पिकला.

"काकू, वाट चुकलात की काय? सिनेमा इकडून दिसतो!" थियेन सुतार ओरडला.

"तुझं भोपळ्याएवढं डोकं मध्ये असल्यावर कसला दिसतोय!" आजी म्हणाली. "तू सूर्यफुलाच्या बिया खा आणि गप बस."

बोलली खरी, पण जीव तुटत होता तिचा. शीगौ गावात सिनेमा यायचा तो सुगी झाल्यावर, वर्षातून एकदा. ऊन डोक्यावर असतानाच बाकडं नेऊन आजी जागा धरायची, आणि ती जागा मागायची कुणाची छाती नव्हती. ती सोडून आज उशिरा आलेल्यांच्या आणि शेळ्यांच्या पंगतीत बसायला निघाली होती बाई.

कारण दुपारी घडलं होतं. आजी शेवयांसाठी लाटलेली पोळी सुरीनं कापत होती. नात माइमाइ आली आणि तिनं आपला डावा हात पाटावर ठेवला.

"आजी, हा तोडून टाक ना. मग मास्तर मारणार नाहीत आणि तुलाही बांधावा लागणार नाही."

सुरी आजीच्या हातातून गळून पडली. पोर जन्माची डावरी. आईबाप कोळशाच्या खाणीवर, वाढवायची जबाबदारी आजीवर. लोक नावं ठेवतील म्हणून जेवताना तो हात फडक्यानं बांधायची अक्कल आजीचीच. दुपारी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिनेमा सुरू झाला. गाण्याबजावण्याचा होता, आणि नायिका होती सेनापती. तिनं तलवार उपसली ती डाव्या हातानं. माइमाइ ताडकन उभीच राहिली.

"आजी! ती पण!"

"मग? तुला काय वाटलं, तू एकटीच आहेस?"

सेनापतीनं डाव्या हातानं हुकूम लिहिला. डाव्या हातानं शेवया ओरपल्या. शत्रूचा राजा डावरा, त्याचा आचारीसुद्धा डावरा. पोर टाळ्या पिटत होती. आजी सिनेमा बघतच नव्हती, ती पोरीचं तोंड बघत होती, आणि तिला फार बरं वाटत होतं.

मग सेनापती गाऊ लागली. गाण्याचे शब्द पडद्याच्या कडेला उमटले. माइमाइच्या टाळ्या थांबल्या.

"आजी, अक्षरं उलटी आहेत. मी अशी लिहिते तेव्हा छडी बसते."

आजीनं तिला जवळ ओढलं.

"म्हणजे पुढून बघितलं तर ती उजव्या हातानं लढते?"

खोटं बोलायला आजीची जीभ रेटेना. "हो गं बाई."

आता ही रडणार, आणि उद्यापासून पुन्हा शाळेतून पळून येणार, असं आजीला वाटलं. पण पोर रडली नाही. कपाळाला आठ्या घालून विचार करत राहिली.

"आणि पुढून बघितलं तरी तीच जिंकते?"

"तीच."

"आणि मागून?"

"मागूनही तीच जिंकते."

"मग मास्तर मारतात कशाला?"

 तेवढ्यात रीळ संपलं आणि दिवा लागला. आजी उठली, पडद्याची कड बाजूला सारून ओरडली, "निंग मास्तर! स्टूल उचला आणि इकडे या. पोरीनं प्रश्न विचारलाय. मला येत नाही, तुम्ही सांगा!"

 मास्तर आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, कधी न हसणारा माणूस. तोवर नवं रीळ सुरू झालं होतं. माइमाइनं आजीची बाही घट्ट धरली आणि प्रश्न पुन्हा विचारला.  पडद्यावर सेनापती नकाशा काढत होती, मास्तर तिच्या हाताकडे बघत राहिले. आजीचा जीव टांगणीला लागला. उगाच बोलावलं, उद्या पोरीला दुप्पट मार बसायचा, असं तिच्या मनात आलं.

"माझी आई दोरीनं बांधायची," मास्तर हळूच म्हणाले.

"काय?" आजीला कळेना.

मास्तरांनी डावा हात पुढे केला, मूठ उघडली, मिटली. मग माइमाइकडे वळले.

"उद्या येताना दोन पेन्सिली आण. एक मला दे. अजून जमतंय का बघतो."