बाहेरचे सदस्य

"तुमच्या वडिलांसारखा माणूस पुन्हा होणे नाही, ताई," असं म्हणत सचिवांनी बैठकीच्या इतिवृत्ताचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

मी बाबांचा चष्मा आणि पुस्तकं न्यायला संस्थेत आले होते. बॉयलरचं वेल्डिंग तपासणाऱ्या निरीक्षकांना ही संस्था प्रमाणपत्र देते. बाबा तिच्या समितीवरचे एकमेव बाहेरचे सदस्य. त्यांच्या सहीशिवाय कुणालाही पास करता येत नसे. परीक्षेत जोडातला तडा ज्याला दिसला नाही, त्याला ते सही देत नसत, म्हणून हेच सचिव त्यांना पाठीमागे 'आडमुठा म्हातारा' म्हणायचे. शोकसभेत मात्र सर्वांत मोठ्याने रडले तेही हेच.

बाबा नऊ मार्चला गेले. रजिस्टरमध्ये एकवीस एप्रिलची बैठक होती. त्रेचाळीस उमेदवार उत्तीर्ण, कुलथेसाहेब, म्हणजे बाबा, उपस्थित. सहीची जागा तेवढी रिकामी होती.

"उद्या संस्थेची मान्यता तपासायला पथक येतंय," ते म्हणाले. "घरच्या माणसाला साहेबांची सही जमतेच हो. साहेबांच्या नावाने पुरस्कारही ठेवतोय आम्ही."

हे त्रेचाळीस जण कुठल्या बॉयलरला ठीक म्हणतील आणि त्याच्याजवळ कोण उभं असेल, हे मी विचारलं नाही. विचारावं अशा लायकीचं तिथे कुणी नव्हतं.

मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि रिकाम्या जागेत लिहिलं, 'निधन, ९ मार्च.' खाली माझी सही केली.

"अहो, काय केलंत हे! आता अख्खं रजिस्टर नव्याने लिहावं लागणार!"

"लिहा की," मी म्हटलं. "उद्या मृत्यूचा दाखला घेऊन मी येतेच आहे."