गाडी डावीकडे जाते

"स्टीअरिंग सोडलं की गाडी डावीकडे जाते," गीतांजली म्हणाली. "चाकांची अलाइनमेंट तुम्हीच केली होती. माझ्या बाबांची गाडी आहे."

भगवंतने नंबर प्लेट पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. हात पुसायला घेतलेलं फडकं त्याने नुसतंच धरून ठेवलं.

"तुमी सूर्यभानभाऊची लेक?"

"हो."

बाकावर टॅक्सीवाला गोपाल आपल्या नंबराची वाट बघत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. "भगवंता, तुहं मशीनच वाकडं हाये लेका, गाडी काय सरळ करशीन!" तो हसला. दोघांपैकी कोणी हसलं नाही, तसा तो पुन्हा खर्‍याकडे वळला.

भगवंतने गाडी रॅम्पवर घेतली. चारही चाकांना क्लॅम्प लावले. ती बाजूला उभी राहून बोलत होती. मोर्शीहून अमरावतीपर्यंत सगळ्या रस्त्याने तिने हेच मनात जुळवलं होतं.

"दिवाळीनंतर बाबांची गाडी रस्ता सोडून डाव्या बाजूच्या तुरीत गेली. गाडीला साधा ओरखडा नाही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. पण तूर डोक्याच्या वर. चाकाखाली वाकलेली झाडं मागे पुन्हा उभी राहिली. शेजारून बस गेल्या, ट्रॅक्टर गेले, कोणाला गाडी दिसली नाही. संध्याकाळी बकर्‍या वळायला आत शिरलेल्या बाईला दिसली. डॉक्टर म्हणाले, दुपारीच आणलं असतं तर वाचले असते."

भगवंतने मशीन सुरू केलं.

"रस्ता सरळ आहे तिथे. गाडी डावीकडे ओढत नसती तर रस्त्यावरच थांबली असती. कोणीतरी पाहिलं असतं. मला भांडायचं नाही. तुमच्या हातून चूक झाली, एवढं फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय."

स्क्रीनवर आकडे आले. सगळे हिरवे, डाव्या पुढच्या चाकाचा एक लाल. भगवंतने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चाकाचं तोंड आत-भाहेर झालं असतं, त चूक म्हणता आली असती," तो म्हणाला. "खड्ड्यानंबी होते ते. पण ह्यो कॅम्बर हाये. चाकाचा उभा कल. ह्या गाडीत तो हालतच नाही. कंपनीनं जागाच ठेवली नाही त्याले."

"मग हलला कसा?"

"हालवा लागते. शॉकअबचे खालचे दोन बोल्ट ढिले करून, चाक वरतून भाहेर दाबून धरा लागते, मंग आवळा लागते. केसभर सरकते. मी सरकवला."

"म्हणजे चूक..."

"चूक नाही, ताई. भाऊनंच करून मांगतलं."

गोपालचा घोटणारा हात थांबला.

"गाडी चालवता चालवता डोयापुढं अंधारी येत होती त्याइले. दोनदा आली. मले म्हणे, भगवंता, हात सुटले त गाडी डावीकडंच गेली पाह्यजे. उजवीकडून लोकं येते. मी म्हणलं, भाऊ, मंग गाडी सोडा ना, डॉक्टरले दाखवा. त म्हणे, गाडी सोडली त पोरगी इचारन, काहून सोडली. पुण्याची नोकरी टाकून घरी येऊन बसन."

दर रविवारी फोनवर गीतांजली तब्येतीचं विचारायची. मले काय धाड भरली, गाडी चालवून राहिलो ना, असं बाबा म्हणायचे. आणि ती दुसर्‍या विषयावर यायची.

"तुम्ही ऐकलंत त्यांचं," ती अखेर म्हणाली.

"दोनदा नाही म्हणलं. तिसर्‍यांदा म्हणे, तू नाही करत त अकोल्यात करून घेतो. मले वाटलं, आपल्या हातानं होईन त नीट तरी होईन." त्याने फडकं रॅम्पच्या कडेवर ठेवलं. "टेस्टले मीच संग गेलो. भाऊनं हात सोडून मांडीवर ठेवले. गाडी हळूहळू कडेले गेली, खाली वावरात उतरली अन् थांबली. मायासारखे भेले नाही ते. हासले. जमलं, म्हणे."

तिने दाराला हात टेकला. दार तापलेलं होतं, तरी हात तिने तिथेच राहू दिला. डोळ्यांत पाणी आलं नाही. बोलायला गेली तेव्हा आवाज मात्र चढलाच.

"शेतकरी होते हो ते! जन्म वावरात गेला त्यांचा. तुरीत गाडी बुडून जाते, माणूस असा दिवसभर दिसत नाही, हे त्यांना कळू नये? सगळ्यांचा विचार केला, आणि एवढी साधी गोष्ट..."

बाकावरचा गोपाल उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

"तूर कुठची, ताई," भगवंत म्हणाला. "टेस्ट केली तवा वैशाख होता. दोन्ही अंगाले नांगरलेले वावरं. वावराच्या कडेले, धुर्‍यावर बकरी उभी रायली, त रस्त्यावरून दिसे."